गाऱ्याच्या रंगाची गाडी: १९४४ च्या ब्रेन कॅरिअरच्या प्रतिकृतीसाठी रंग ठरवण्याचे एक प्रकरण

अमळनेर तालुक्यातील एक शिक्षक एप्रिलच्या अखेरीस जळगावला माझ्या घरी आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. डब्यात त्यांच्या आजोबांचे सेवापुस्तक, इटली स्टारसह काही पदके आणि पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा एक कृष्णधवल फोटो होता. आजोबा, ज्यांना सारे घर आबा म्हणत असे, दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये कॅरिअरचे, म्हणजे एका लहान चिलखती गाडीचे, चालक होते. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात झालेल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती हीच बटालियन. फोटोच्या मागे शाईने ‘इटली, उन्हाळा ४४’ एवढेच लिहिलेले होते. सरांना त्या गाडीची १:३५ प्रमाणातील प्रतिकृती हवी होती आणि अट एकच होती: “दादा, रंग खरा पाहिजे. गावात जो तो म्हणतो लष्कराची गाडी म्हणजे हिरवी. मला ते मनाला पटत नाही.”

प्रतिकृती बनवणाऱ्या माणसासमोर यापेक्षा अवघड अट ठेवता येत नाही. आकार मोजता येतो, साखळीचे दुवे मोजता येतात, रिव्हेटसुद्धा मोजता येतात. रंगाचे तसे नसते, कारण ऐंशी वर्षांपूर्वीचा रंग आज कुठेही ताजा शिल्लक नसतो आणि जो दिसतो तो कुणी तरी पुन्हा लावलेला असतो. या प्रकरणात मी पहिल्यांदा चुकीचा रंग लावला, तो खरवडून काढला आणि मग दुसरा ठरवला. त्या दोन्ही टप्प्यांची नोंद येथे क्रमाने ठेवत आहे.

गाडी कोणती, हा प्रश्न लवकर सुटला. भारतीय तुकड्यांमध्ये ‘कॅरिअर’ हा शब्द दोन वेगळ्या गाड्यांसाठी वापरला जात असे. एक म्हणजे साखळीवर चालणारी, वरून उघडी, फोर्ड व्ही-८ इंजिनाची युनिव्हर्सल कॅरिअर, जिला सैनिक सर्रास ब्रेन कॅरिअर म्हणत; दुसरी म्हणजे भारतात तयार झालेली चाकांची चिलखती गाडी, जिचे बोलीतले नाव टाटानगर असे पडले होते. फोटोत साखळी आणि तिची मोठी चाके स्वच्छ दिसत होती, त्यामुळे टाटानगरचा विचार तेथेच संपला. युनिव्हर्सल कॅरिअरचे किट बाजारात सहज मिळते. पुण्याहून मागवलेला खोका चार दिवसांत आला.

पहिली चूक

खोक्यातील पत्रकात संपूर्ण गाडी ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरव्या, रंगात दाखवलेली होती. पत्रकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये हे मला ठाऊक होते, म्हणून मी स्वतः हिशेब मांडला, आणि हिशेबाचे उत्तर पत्रकाशी जुळल्यामुळे निर्धास्त झालो. हिशेब असा होता. ब्रिटिश लष्कराच्या वाहनांचा पायाचा रंग युद्धाच्या सुरुवातीस खाकी ग्रीन क्रमांक ३ हा होता. हिरव्या रंगासाठी लागणारे क्रोमियम ऑक्साइड दुर्मीळ होऊ लागल्यावर त्याची जागा १९४२ मध्ये एससीसी २ या तपकिरी रंगाने घेतली. पुढे एप्रिल १९४४ मध्ये एससीसी १५ हा ऑलिव्ह ड्रॅब प्रमाणित झाला, कारण अमेरिकेकडून मिळणारी असंख्य वाहने त्याच जातीच्या रंगात येत होती आणि ती पुन्हा तपकिरी करण्यात वेळ आणि रंग वाया जात होता. आबांचा फोटो १९४४ च्या उन्हाळ्यातला, म्हणजे एप्रिलनंतरचा. तेव्हा ऑलिव्ह ड्रॅब. मी तामिया कंपनीचा एक्सएफ-६२ हा ऑलिव्ह ड्रॅब मारला, दोन दिवस वाळू दिला आणि सरांना फोनवर कळवले की रंग झाला.

या हिशेबात तारीख बरोबर होती आणि तरी उत्तर चूक होते. आदेश निघतो लंडनमध्ये आणि गाडी असते दुसऱ्याच समुद्राकाठी, या दोन गोष्टींमधले अंतर मी मोजलेच नव्हते. आदेश निघाला म्हणजे मैदानातल्या गाड्या दुसऱ्या दिवशी रंगवल्या गेल्या असे कधी होत नाही. जुना साठा संपेपर्यंत वापरला जातो आणि धड रंगाची गाडी, लढाई चालू असताना, केवळ छटेसाठी कोणी कार्यशाळेत पाठवत नाही. खुद्द ब्रिटनमध्ये तपकिरी गाड्या एप्रिलनंतरही मोठ्या संख्येने फिरत होत्या. तेव्हा विचारायचा प्रश्न ‘फोटो केव्हाचा?’ एवढाच नसून ‘ही गाडी कोणत्या डेपोतून बाहेर पडली आणि त्या डेपोत तेव्हा कोणत्या रंगाचे डबे होते?’ हा असतो. हा प्रश्न मला दोन दिवस उशिरा सुचला, आणि तोही फोटो पुन्हा पाहताना.

फोटो काय सांगतो आणि काय सांगत नाही

कृष्णधवल फोटोतून रंगाचे नाव काढता येत नाही, हे प्रत्येक नव्या प्रतिकृतीकाराला कधी तरी सांगावे लागते. ऑलिव्ह ड्रॅब, मध्यम तपकिरी आणि मातकट खाकी हे तीनही रंग फिल्मवर जवळजवळ एकाच राखाडी छटेत उतरू शकतात. त्यातही फिल्म जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक जातीची असेल तर तिला लाल प्रकाश जाणवत नाही, त्यामुळे लालसर वस्तू काळपट आणि निळ्या वस्तू फिकट दिसतात. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर पिवळा फिल्टर लावला असेल तर आकाश गडद होते आणि सगळ्या छटा पुन्हा हलतात. म्हणून फोटोतल्या राखाडीशी बाटलीतला रंग ताडून पाहणे हा वेळेचा अपव्यय आहे.

फोटो मात्र एक गोष्ट निर्विवाद सांगू शकतो: पृष्ठभागावर छटा किती आहेत आणि त्यांच्यात विरोध किती आहे. फोटो मी दोन हजार चारशेच्या रिझोल्यूशनवर स्कॅन केला आणि पडद्यावर मोठा करून पाहिला, तेव्हा गाडीच्या बाजूच्या पत्र्यावर एक गडद पट्टा दिसला. प्रथम तो मला सावलीच वाटला. सावली आहे की रंग, हे ठरवायला सूर्य कुठे आहे ते शोधावे लागते. गाडीशेजारी उभ्या असलेल्या जवानाच्या हेल्मेटची सावली त्याच्या उजव्या खांद्यावर पडलेली होती, म्हणजे प्रकाश डावीकडून आणि बराच वरून येत होता. गडद पट्टा मात्र डावीकडे, ऐन उन्हातल्या पत्र्यावर होता आणि त्याची कड रिव्हेटच्या रांगेला आडवी छेदून वळणाने खाली उतरत होती. उन्हातल्या सपाट पत्र्यावर अशी सावली पाडणारी वस्तू जवळपास नव्हती. तेव्हा तो रंगच होता. म्हणजे गाडी एकरंगी नव्हती. फिकट पायावर अतिशय गडद पट्टे होते.

एकरंगी ऑलिव्ह ड्रॅब एवढ्यानेच बाद झाला. मी स्पिरिटमध्ये कापूस बुडवून सगळा रंग पुसून काढला. त्यात उजव्या बाजूचे दोन बारीक हुकही गेले, ते तांब्याच्या तारेचे नवे करावे लागले.

डेपोचा माग

आता गाडीचा प्रवास पाहणे भाग होते. बटालियन ज्या दहाव्या भारतीय पायदळ डिव्हिजनमध्ये होती, ती डिव्हिजन इराक, पश्चिम वाळवंट, सायप्रस, सीरिया आणि पॅलेस्टाइन असा फेरा करून १९४४ च्या पूर्वार्धात इटलीत उतरली. म्हणजे तिची वाहने ब्रिटनमधील कारखान्यातून थेट इटलीत आलेली नसून मध्यपूर्वेच्या साठ्यातून मिळालेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त. आणि मध्यपूर्वेच्या मुख्यालयाचे, म्हणजे कैरोचे, रंगांविषयीचे आदेश लंडनपेक्षा वेगळे होते.

ते आदेश क्रमाने पाहिले तर सगळा प्रकार उलगडतो. १९४० च्या अखेरीपासून वर्षभर तेथे फिकट पायावर सरळ कडांचे तिरपे पट्टे असलेली कॉन्टर पद्धत चालली. (या पद्धतीबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण ते या प्रकरणाशी संबंधित आहे. तिच्यातला एक रंग सिल्व्हर ग्रे नावाचा, हिरवट झाकेचा राखाडी होता. युद्धानंतर काही जतन केलेल्या वाहनांवर तो चक्क आकाशी निळा रंगवला गेला, किटवाल्यांनी त्यावरून पत्रके छापली, रंगवाल्यांनी निळ्या बाटल्या काढल्या आणि कित्येक वर्षे जगभरच्या कपाटांत आकाशी पट्ट्यांचे माटिल्डा रणगाडे उभे राहिले. संग्रहालयातली गाडी खरी असते, पण तिच्यावरचा रंग खरा असेलच असे नाही.) त्यानंतर ऑक्टोबर १९४२ मध्ये डेझर्ट पिंक हा पायाचा रंग ठरला आणि त्यावर गडद पट्टे आले. वाळवंटातली लढाई आटोपत आली आणि पुढचे रणांगण सिसिली व इटली असणार हे स्पष्ट झाले, तेव्हा १९४३ मध्ये लाइट मड नावाचा मातकट रंग आणि त्यावर काळे किंवा निळसर काळे मोठे वळणदार ठिगळ, अशी नवी पद्धत आली. इटलीत पुढे गेलेल्या ब्रिटिश आठव्या सेनेच्या फोटोंमध्ये हेच फिकट आणि काळे मिश्रण पुन्हा पुन्हा दिसते.

फोटोतला फिकट पाया, त्यावरचा अतिगडद पट्टा, त्याची सरळ नसून वळणदार असलेली कड, डिव्हिजनचा मध्यपूर्वेतून झालेला प्रवास आणि १९४३ चा आदेश, या पाच गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. डेझर्ट पिंकची शक्यता मी शेवटपर्यंत बाजूला ठेवली होती, कारण वाळवंटातून आलेली जुनी गाडी तशीच वापरात राहिली असू शकते. पण इटलीच्या हिरव्या-तपकिरी डोंगरात दीड-एक वर्षानंतरही गुलाबी गाडी न रंगवता फिरवली असेल, हे मला कमी संभवनीय वाटले. मी सरांना तोंडी आकडा सांगितला: लाइट मड आणि काळा याबाबत माझी खात्री रुपयात बारा आणे.

याच सुमारास अमळनेरला सरांच्या घरी जाण्याचा योग आला. त्यांच्या ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी रंगाचा विषय काढताच त्या म्हणाल्या, “आबा सांगेत, गाडी हिरवी नही व्हती, गारामायक व्हती.” सर एकदम उभेच राहिले. गारा म्हणजे चिखल, गारामायक म्हणजे चिखलासारखी, आणि लाइट मड म्हणजे फिकट चिखल. पुरावा यापेक्षा आणखी कोणता हवा? मी मात्र त्यांना खाली बसवले. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर चालणारी कोणतीही गाडी संध्याकाळपर्यंत गाऱ्याच्याच रंगाची होते, मग ती आत हिरवी असो की गुलाबी. आबांनी रंग सांगितला की धूळ सांगितली, हे आता कोणालाच विचारता येणार नव्हते. आत्याबाईंचे वाक्य मी वहीत जसेच्या तसे लिहून घेतले, पण बारा आण्यांचे तेरा आणे केले नाहीत. सरांना हे थोडे लागले असावे.

बाटलीतला रंग आणि मे महिन्यातले जळगाव

रंगाचे नाव ठरले म्हणजे रंग ठरला असे नाही. एकाच ऐतिहासिक नावाच्या बाटल्या तीन कंपन्यांकडून घ्याव्यात आणि तिन्ही शेजारी शेजारी लावून पाहाव्यात. एक पिवळट, एक करडी आणि एक हिरवट निघते. म्हणून मी तयार बाटलीवर अवलंबून न राहता तामियाच्या बफ आणि खाकी या दोन रंगांची मिश्रणे केली, एक्सएफ-५७ आणि एक्सएफ-४९. लग्नात मिळतात तसल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर सात वेगवेगळी प्रमाणे फवारली आणि प्रत्येक चमच्याच्या दांड्यावर मार्करने प्रमाण लिहिले.

चमचे पाहायचे कुठे, हाही प्रश्न असतो. माझ्या खोलीतल्या एलईडी दिव्याखाली पाचव्या क्रमांकाचा चमचा सर्वांत योग्य वाटत होता. तोच चमचा सकाळी नऊच्या उन्हात गॅलरीत धरला तर हिरवट दिसू लागला. दोन रंग एका दिव्याखाली सारखे आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसू शकतात, याचा अनुभव साडीच्या दुकानातून साडी बाहेर उजेडात नेऊन पाहणाऱ्या प्रत्येक बाईला असतो. प्रतिकृतीकार तो विसरतात. मी दिवसाच्या उजेडातला निकाल मान्य केला: तीन भाग बफ आणि दोन भाग खाकी.

त्यात शेवटी पांढऱ्याचे काही थेंब घातले. त्याचे कारण प्रमाणाशी संबंधित आहे. १:३५ ची प्रतिकृती आपण साठ सेंटिमीटरवरून पाहतो, तेव्हा ते खऱ्या गाडीकडे एकवीस मीटरवरून पाहण्यासारखे असते. एवढ्या अंतरावर मधली हवा रंगाला किंचित फिका करते. शिवाय छोट्या वस्तूवर पूर्ण ताकदीचा रंग लावला तर ती डोळ्याला अकारण काळवंडलेली वाटते. किती फिका करावा याचे सूत्र सांगणारे लोक आहेत, माझा त्या सूत्रांवर विश्वास नाही. मी चमचा हात लांब करून पाहतो आणि थांबतो. काळ्या पट्ट्यांसाठी शुद्ध काळा वापरला नाही. एक्सएफ-६९ या नाटो ब्लॅकमध्ये फील्ड ब्लूचा एक लहान थेंब मिसळल्यावर निळसर काळा तयार झाला आणि त्यावर पुढे धूळ बसवायलाही जागा राहिली.

प्रत्यक्ष फवारणीला खानदेशातला मे महिना आडवा आला. दुपारी पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की अ‍ॅक्रेलिक रंग एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळतो, आणि पृष्ठभागावर पोचेपर्यंत त्याची भुकटी झालेली असते. पत्रा सॅंडपेपरसारखा खरखरीत होतो. रंगाचे वाळणे लांबवणारा रिटार्डर घालून थोडा फरक पडतो, पण खरा उपाय वेळ बदलणे हाच आहे. मी पहाटे साडेपाचला कॉम्प्रेसर लावला आणि सातच्या आत काम आटोपले. पंखा बंद, खिडक्या बंद, कारण लू सुरू झाली की काळ्या मातीची धूळ बंद दारातूनही आत येते. पट्ट्यांच्या कडा मी हाताने फवारल्या नाहीत. फोटोत कड स्पष्ट होती, म्हणून निळ्या चिकट गोळ्याच्या वळकट्या पत्र्यावर ठेवून त्यांच्या आधाराने काळा मारला. गडद पट्टा गाडीच्या ज्या बाजूला दिसतो ती बाजू फोटोनुसार रंगवली आणि जी बाजू दिसत नाही ती त्याच चालीने पुढे नेली.

चालकाच्या आकृतीला फार वेळ लागला नाही. उन्हाळ्यातल्या इटलीत भारतीय सैनिक खाकी ड्रिलमध्ये होते. लोकरी बॅटलड्रेस हिवाळ्याचा आणि जंगल ग्रीन ब्रह्मदेशाच्या आघाडीचा. गावातल्या एका नातेवाइकाने हिरव्या गणवेशाचा आग्रह धरला होता, त्याला एवढे उत्तर पुरले.

माती

मला सर्वांत जास्त वेळ लागला तो धुळीला. सरांची इच्छा होती की आबांच्या शेतातली माती चाळून तीच गाडीच्या साखळ्यांना लावावी. त्यांनी ती कापडातून चाळून डबीत भरूनही आणली होती. भावना मला समजत होती. पण ती बेसाल्टपासून झालेली आपली काळी कापसाची जमीन होती आणि टायबरच्या वरच्या खोऱ्यातली जमीन चुनायुक्त मार्ल आणि वालुकाश्माची, म्हणजे फिकट राखाडी-पिवळसर धुळीची. काळी माती लावली असती तर साखळ्यांवर पावसाळ्यातला अमळनेर-धुळे रस्ता उतरला असता, इटलीचा उन्हाळा नाही. मी सरांना एका चमच्यावर दोन्ही धुळी लावून दाखवल्या. त्यांनी काही न बोलता काळी डबी परत खिशात ठेवली.

धुळीसाठी फिकट बफ आणि राखाडी पिगमेंट, म्हणजे कोरडी रंगभुकटी, मिसळून वापरले, खालच्या भागात दाट आणि वर विरळ. रिव्हेटच्या कडांना कॅमलच्या तैलरंगातल्या रॉ अंबरचा पातळ ओघळ दिला. गंजासारखा दिसणारा बर्न्ट सायना मात्र टाळला, कारण गंजाचा सोस प्रतिकृतीकारांना इतका असतो की सहा महिने वापरलेली गाडी साठ वर्षे उकिरड्यावर पडल्यासारखी दिसू लागते. चालत्या बटालियनमधली गाडी गंजू देणारा चालक फार काळ चालक राहत नाही.

खुणांच्या बाबतीत मी हात आवरला. फोटोत पुढच्या पत्र्यावर ताडपत्री आणि बिछाने बांधलेले होते, त्यामुळे डिव्हिजनचे चिन्ह आणि तुकडीचा क्रमांक झाकलेले होते. किटच्या डेकल्समध्ये, म्हणजे चिकटवायच्या छापील खुणांमध्ये, सुबक आकडे होते, पण ते दुसऱ्याच पलटणीचे. मी पुढच्या पत्र्यावर फोटोप्रमाणेच ताडपत्री केली, टिश्यू पेपर आणि फेव्हिकॉलची. सरांनी विचारले, “मग आकडा दिसणारच नाही?” मी म्हटले, फोटोत दिसतो तेवढाच दिसेल.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस सुरू होण्याआधी, मॅट वार्निशचा शेवटचा हात मारला. पावसाळी हवेत वार्निश पांढरे धरते, म्हणून घाई केली. सर मॉडेल न्यायला आले, तेव्हा त्यांनी पुन्हा ती काळ्या मातीची डबी काढली आणि लाकडी तळपाटाच्या पोटात काही जागा आहे का, असे विचारले. होती. तळपाट उलटा केला, खाचेत माती भरली, वर पातळ पुठ्ठा चिकटवला, आणि पुठ्ठ्यावर मी नेहमी चिकटवतो ती चिठ्ठी लावली: ‘पाया: लाइट मड, बफ तीन, खाकी दोन, पांढरा थेंबभर. पट्टे: निळसर काळा. आधार: घरचा फोटो, डिव्हिजनचा प्रवास, १९४३ चा आदेश. खात्री: बारा आणे. नवा पुरावा मिळाल्यास पुन्हा रंगवावे.’ सरांनी ती वाचली आणि खिशातले पेन काढून खाली एक ओळ आपल्या अक्षरात वाढवली: ‘आत्या म्हणते, गारामायक.’